न्हाणीघरात आलेला चेहरा

बाळ न्हाणीघरात शिरून आतून कडी लावून बसला होता आणि त्याच्यापायी अख्ख्या घराची आंघोळ खोळंबली होती. बाळ म्हणजे कुणी तान्हं पोर नव्हे. पन्नाशीला टेकलेला, कानशिलं पांढरी झालेला, तिघा भावंडांतला धाकटा. पण आप्पा गेल्यावर आईने चारचौघांत जाहीर केलं होतं की यांची कला बाळच्या हातात उतरली आहे, आणि ज्याच्या हातात कला उतरते त्याला आता मोठा हो म्हणायची कुणाची टाप नसते. तेव्हापासून बाळ स्फूर्तीची वाट बघत होता. आज ती वाट बघण्याचा शेवटचा दिवस होता.

न्हाणीघरातच का, हे या घरात कुणी विचारत नसे. आप्पांना चेहरा सुचला तो तिथेच. एका सकाळी गालावर साबण तसाच ठेवून ते ‘मिळाला, चेहरा मिळाला’ असं ओरडत बाहेर आले, आणि कमरेच्या टॉवेलनिशी घरच्या पुतळ्यांच्या कारखान्यात जाऊन त्यांनी मातीला हात घातला. त्या एका चेहऱ्यावर पुढे सगळं उभं राहिलं. शहरातल्या कुठल्याही कपड्यांच्या दुकानाच्या काचेत साडी, कोट नाहीतर पावसाळी टोपी घालून जो पुतळा उभा असे, त्याच्या मानेवर आप्पांचाच चेहरा असे. स्फूर्तीला घरचा पत्ता ठाऊक आहे, एवढंच नव्हे तर खोलीही ठाऊक आहे, अशी सगळ्यांची खात्री होती.

न्हाणीघर कारखान्याच्या टोकाला होतं. त्यामुळे घरची बैठक भरली ती कारखान्यातच, आकड्यांना टांगलेल्या पुतळ्यांच्या हातांखाली. आई स्टुलावर. आत्या खांद्यावर टॉवेल टाकून, साबणाची डबी छातीशी धरून उभी. दादा घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. आणि खिडकीपाशी आपल्या टेबलावर मधली बहीण पॉलिशपेपरने पुतळ्याचं डोकं घासत होती, कारण दादाने सकाळची घंटा दिली होती आणि घंटा झाली की मधली घासायला बसत असे. ती काम करते आहे हे कुणाच्या डोळ्यांत येत नसे, तसं ती ऐकते आहे हेही येत नसे.

“बाळ, काही आलं का रे?” आईने दाराला तोंड लावून विचारलं.

“आई, विचारलं की येणारं परत जातं,” आतून आवाज आला.

“ऐकलंत? तुमच्या आवाजाने परत जातं,” आई सगळ्यांवर डाफरली. तिच्याइतकं मोठ्याने कुणीच बोलत नव्हतं.

“आई, दुपारी त्या दुकानाच्या बाई येणार,” दादा म्हणाला. “नवा चेहरा समोर ठेवला तर ठीक. नाहीतर त्या बिनचेहऱ्याचे पुतळे घेणार. त्या पलीकडच्या गावचे. नाक नाही, डोळे नाहीत, मानेवर नुसतं अंडं. आणि त्यांनी घेतले की बाकीची दुकानं मागोमाग घेणार. मग आपण सगळ्यांनीच न्हाणीघरात जाऊन बसू.”

“तूच का नाही करत मग?” आत्या म्हणाली.

“मी करतोच आहे!”

हे मात्र खरं होतं. दादाचा स्फूर्तीवर काडीइतका विश्वास नव्हता. त्याचा विश्वास घंटेवर होता. सकाळी घंटा, मग एक नवं डोकं, मगच चहा, हा नेम त्याने तापातही मोडला नव्हता. भिंतीच्या फळीवर त्याची डोकी ओळीने मांडलेली होती. एक फुगलेल्या पावासारखं होतं, एकाला आत्ताच कुणीतरी वाईट बातमी सांगितली आहे असं वाटे, आणि एक असं होतं की आई त्याच्यावर फडकं टाकून ठेवी. शिस्तीत कुठे कसूर नव्हती. रोज एक डोकं होई आणि रोज ते वाईट होई.

“मी करून बघू का?” मधली म्हणाली.

हे वाक्य ती पहाटेपासून जुळवत होती. तिला एकदा, एकदाच, स्वतःच्या हाताने एक चेहरा करून बघायचा होता. तरुणपणी हे तिने आप्पांना विचारलं होतं, तेव्हा आप्पा हसून म्हणाले होते, “तुझा हात घासायचा, पोरी.” त्या हसण्याचं तिला जितकं वाईट वाटलं होतं तितकं पुढे कशाचंच वाटलं नाही. तिने मान खाली घातली ती घातलीच. आता अंडी आली तर घासायलाही काही उरणार नव्हतं, आणि विचारायलाही.

“आप्पा म्हणायचे, चेहरा करायचा नसतो, तो येतो,” आई म्हणाली.

“यायला पाहुणा आहे का तो?” दादा.

“मी करून बघू का?”

“वहिनी, तो चेहरा माझ्यावरून केला होता माझ्या भावाने. म्हणून आला,” आत्याने जुनी लढाई उकरली. “घरात माणूस डोळ्यांसमोर असावं लागतं.”

“तुमच्यावरून? वन्सं, आरसा बघा जरा. ते माझं नाक आहे.”

“तेव्हा तुम्ही या घरात आला नव्हता.”

“ठरलं होतं आमचं! फोटो होता यांच्याकडे!”

दोघी एकमेकींकडे नाक वर करून बघत राहिल्या, म्हणजे पुराव्यासकट. मधलीने तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि दुकानाच्या बाई आत आल्या. दुपार व्हायला अजून अवकाश होता.

“लवकर आले,” त्या म्हणाल्या. “अंडीवाल्यांनाही आजच भेटायचंय.” आणि बोलता बोलता त्यांनी सवयीने शेजारच्या पुतळ्याच्या खांद्यावर हात टेकला. तो पुतळा सकाळीच रंगवलेला होता. बाईंचा पंजा मनगटापर्यंत गुलाबी झाला. “बाथरूम कुठे आहे?”

आत्याने साबणाची डबी टॉवेलखाली सरकवली.

“तिथे... काम चालू आहे,” दादा म्हणाला.

“नळाचं?”

“चेहऱ्याचं.”

बाईंनी बंद दाराकडे बघितलं, मग आत्याच्या टॉवेलकडे. दादाने घाईघाईने रॉकेलचा बोळा पुढे केला. हात पुसत बाईंनी फळीवरच्या डोक्यांवरून नजर फिरवली आणि फडक्याखालचं डोकं बघितल्यावर फडकं अलगद परत टाकलं.

“हे नको,” त्या म्हणाल्या. “असं करा. तुमच्या वडिलांनी घडवलेलं पहिलं डोकं जपून ठेवलंय म्हणता ना? ते आणि आताचं, दोन्ही समोर ठेवा. काय काय बदलायचं ते मी बोट ठेवून सांगते. मग तुम्ही करू शकता की नाही ते मला कळेल.”

“ते काढायचं नसतं,” आई आणि आत्या एकदम म्हणाल्या. उभ्या जन्मात त्यांचं एकमत झालं ते एवढंच. पण कपाटाची किल्ली आत्याच्या कमरेला होती, आणि आपला चेहरा चारचौघांत सिद्ध होईल हा मोह तिला आवरला नाही. ती गेली, आणि लहान मूल आणावं तसं ते गाठोडं दोन्ही हातांत धरून आली. आप्पांनी स्वतः बांधलेलं ते गाठोडं त्यानंतर कुणी सोडलं नव्हतं. साचे चालू होते तोवर मूळ डोक्याची गरज कुणाला पडणार?

टेबलावर मधलीच्या समोर ते ठेवलं. मधलीने हातातलं, नुकतंच घासून झालेलं डोकं शेजारी ठेवलं. आत्याने गाठी सोडल्या.

रुंद कपाळ. मधे उंचवटा असलेलं जाड नाक. जबडा असा की कुणी वाद घालायला येऊ नये.

“अगंबाई,” आई म्हणाली, “हे तर हे!”

“कोण हे?” बाईंनी विचारलं.

“हेच! आमचे हे! मिशी तेवढी नाही.”

“मिशी काढली होती त्याने त्या वर्षी,” आत्या सावकाश म्हणाली. “पैजेत हरला होता.” तिने डोक्याच्या गालांवरून, मग स्वतःच्या गालांवरून हात फिरवला आणि मटकन स्टुलावर बसली.

दादा न्हाणीघराच्या दाराकडे बघत होता. त्या दारामागे नळाच्या वर आप्पांचा दाढीचा आरसा होता. दादाच्या डोक्यात प्रकाश पडत होता तो सगळ्यांना दिसत होता. “गालावर साबण,” तो म्हणाला. “आई, ते आरशात बघत होते.”

“काय झालं?” आतून बाळने विचारलं.

“तुझ्या बापाला स्फूर्ती आली नव्हती रे,” आत्या ओरडली. “तो दाढी करत होता!”

आत एक बादली पडल्याचा आवाज झाला.

आई रडते की हसते ते कळेना. इतकी वर्षं ज्या चेहऱ्याकडे ती आपला म्हणून बघत आली, दुकानांच्या काचांसमोर थांबून पदर सारखा करत आली, तो नवऱ्याचा होता, विग आणि पापण्या लावून साडीत उभा केलेला. “मी म्हणायची, माझ्यासारखीच ताठ आहे हो,” ती हुंदका देत म्हणाली, आणि मग तिला असं हसू फुटलं की आत्याच्या अंगावर रेलून ती हसली. वन्संनीही तिला ढकललं नाही.

“पण थांबा,” बाई म्हणाल्या. “मग ही कोण?”

त्यांचं बोट दुसऱ्या डोक्यावर होतं, मधलीने आज घासलेल्या. सगळ्यांनी वाकून बघितलं. कपाळ अरुंद. नाकावर उंचवटा नाही, सरळ आणि थोडं आखूड. गाल आत वळलेले. जबड्याची सगळी मग्रुरी गेलेली. दोन डोकी शेजारी ठेवली नसती तर कुणाला कधी कळलं नसतं. शेजारी ठेवल्यावर ती एका घराण्यातलीसुद्धा वाटत नव्हती.

“हा साचा कुठून आला?” दादाने स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. साचा झिजला की नवा करायचा, आणि तो हाताशी असलेल्या सगळ्यात सुबक डोक्यावरून करायचा, हा आप्पांचाच नियम. सुबक डोकं म्हणजे मधलीने घासलेलं. साचा डावा आणि उजवा असा दोन भागांचा, त्यामुळे जोडाची रेघ थेट कपाळावरून, नाकावरून, हनुवटीपर्यंत यायची. ती रेघ जाईपर्यंत मधली घासायची. बुडबुड्यांची भोकं लांबीचा लगदा भरून बुजवायची, पुन्हा घासायची. त्या डोक्यावरून साचा, त्या साच्यातून डोकी, त्यांतल्या एकावरून पुन्हा साचा. रोज केसभर फरक. कुणाला पत्ता न लागता आप्पा घरातून निघून गेले होते आणि त्यांच्या जागी कुणी दुसरीच येऊन उभी राहिली होती.

सगळे मधलीकडे बघायला लागले. तिला इतक्या नजरांची सवय नव्हती. पॉलिशपेपर हातात चुरगळून ती म्हणाली, “मी काही मुद्दाम नाही केलं.”

“हा चेहरा माझ्या दुकानात आहे,” बाई म्हणाल्या. “लोक त्याच्यासमोर थांबतात. कपड्यांसाठी नाही, उगाच थांबतात. मला वाटायचं तुमच्या वडिलांची करामत. म्हणजे यांनी केला तर. मग प्रश्नच नाही. मला नवा चेहरा यांच्याच हातचा पाहिजे.”

जे मागायला मधलीला तीनदा तोंड उघडावं लागलं होतं ते न मागता समोर आलं, आणि तिला एकच गोष्ट कळली, की ते कसं करतात हे तिला ठाऊक नाही.

“शिस्त!” दादा गरजला. “बघितलंत? रोज घंटेला बसायची. एक दिवस चुकली नाही. म्हणून झालं!”

कडी वाजली आणि बाळ बाहेर आला, एक पाय भिजलेला. “शिस्त कसली? तिला कळलं तरी का? कळत नसताना जे हातून होतं त्यालाच स्फूर्ती म्हणतात. ती माझी वाट चुकून हिच्याकडे गेली.” त्याने दोन्ही डोकी बघितली आणि त्याचा चेहरा पडला. मग तो मनापासून म्हणाला, “मधले, फार सुरेख आहे गं.”

“तू रोज घंटेला बसला असतास तर तुझंही झालं असतं.”

“तू बसतोस ना रोज? फळीवरचं फडकं काढू का?”

“भांडू नका,” आई उठली. ज्याच्या हातात कला त्याची आई, हा तिचा हुद्दा होता, आणि तो कुठल्या पोरामुळे मिळतो याच्याशी तिला फारसं कर्तव्य नव्हतं. “हिच्या हातातला तो कागद आधी काढून घ्या. आजपासून हिने घासायचं नाही. हात खराब होतील. आणि हिला आत बसवा.”

“आत?” मधली म्हणाली.

“न्हाणीघरात. बाळ, तुझी जागा दे तिला.”

“पण आई, आप्पा तर आरशात—”

“मग आरशात बघ! यांना सुचलं तर तुला का नाही सुचणार?”

आश्चर्य म्हणजे यावर दोन्ही पक्षांचं एकमत झालं. दादा म्हणाला, वेळ ठरवून बसली तर हरकत नाही. आत्याने खांद्यावरचा टॉवेल तिला दिला, कशासाठी ते कुणालाच कळलं नाही. बाळने दारापर्यंत सोबत केली. “नळाकडे बघू नकोस,” त्याने कळकळीने सांगितलं. “मी तिथेच अडकलो.” आणि दार बाहेरून लोटलं गेलं.

मधली पालथ्या बादलीवर बसली. समोर आप्पांचा आरसा. त्यात भुवयांवर पांढरी पूड बसलेली एक थकलेली बाई तिच्याकडे बघत होती आणि तिला काही सुचवत नव्हती. मधलीने डोळे मिटले. अंधार. उघडले. बाई तिथेच. बाहेर आई सगळ्यांना गप्प बसवत होती, दादा वेळ सांगत होता, आणि बाळ सांगत होता की सुरुवातीला असंच काही होत नाही, पहिली काही वर्षं जड जातात.

तिला भीती वाटली. इतकी वर्षं आपल्याला कुणी करू दिलं नाही, असं म्हणायची सोय तरी होती. आता तीही गेली. काही आलं नाही तर आप्पा खरे ठरणार होते, तुझा हात घासायचा, आणि या वेळी ते सगळ्यांसमोर ठरणार होतं. तिला रडू आलं. टॉवेलचा उपयोग झाला.

डोळे पुसताना तिच्या लक्षात आलं की आपण आरशातल्या बाईकडे बघतच नाही आहोत. आपल्या डोळ्यांसमोर ओठ आहे. त्या टेबलावरच्या डोक्याचा वरचा ओठ. ती दोन डोकी शेजारी ठेवली तेव्हाच तो तिला खुपला होता. कपाळ गेलं, नाक गेलं, जबडा गेला, पण तो ओठ जसाच्या तसा होता, जाड, मिशी नसताना मिशीचा भार धरून बसलेला, आत्ता ‘नाही’ म्हणेल असा. कारण आप्पांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ओठावरून जपून, तिथे चेहरा असतो. तिथे ती रेघेपुरता हात लावायची आणि पुढे सरकायची. त्या बाईचा सगळा चेहरा मोकळा झाला होता आणि तोंड तेवढं आप्पांचं होतं. रोज घासताना तिच्या मनाला काहीतरी टोचायचं ते हेच. तिला ते आजवर कामाचं दुखणं वाटत आलं होतं.

तिने दार उघडलं.

“आलं?” बाळने विचारलं.

“नाही,” मधली म्हणाली, आणि सगळ्यांच्या मधून टेबलाशी गेली. तिने डोकं उचललं, मांडीत घट्ट धरलं आणि खणातून कानस काढली.

“अगं, ते झालेलं आहे!” दादा ओरडला. “ते पाठवायचं—”

कानस ओठावरून फिरली. पहिलाच फटका खोल गेला आणि ओठाचा एक कोपरा टवका होऊन खाली पडला. आईने तोंडावर हात घेतला. आत्या म्हणाली, “गेलं!” मधलीही थबकली, कारण आजवर तिच्या हातून टवका कधी गेला नव्हता. पण तिने तो जिथून गेला तिथे बघितलं, आणि तिथे ओठ जरासा उघडा झाला होता, बोलायच्या आधी होतो तसा. तिने दुसरा कोपरा बघितला. त्याला काय करायचं ते तिला कळत होतं. त्याच्या पुढचं कळत नव्हतं, पण एवढं कळत होतं. तिने लांबी घेतली, भरली, थांबली, आणि पुन्हा कानस लावली. भीती गेली नव्हती, पण तिच्या शेजारी बसून काम करता येत होतं. आणि तिला इतका आनंद झाला होता की तिचे कान गरम झाले.

दुकानाच्या बाईंनी पर्स खाली ठेवली. “अंडीवाल्यांना फोन करायला हवा,” त्या म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. त्यांनी एक स्टूल ओढलं.

“किती वेळ लागेल?” दादाने हळूच विचारलं. त्याच्या हातात घंटा होती आणि तिचं काय करावं हे त्याला समजत नव्हतं.

“माहीत नाही.”

“पण होणार कशी?” बाळ म्हणाला. “डोळ्यांसमोर आहे का तुझ्या?”

“नाही रे. झाली की दिसेल.”

आता आईला राहवेना. ती उठून टेबलाशी आली, मागोमाग आत्या, मग दादा आणि बाळ. चौघंही तिच्यावर वाकले, आणि प्रत्येकाने नकळत आपला चेहरा जरा उजेडाकडे केला.

“मधले,” आईने लाडीगोडीने विचारलं, “कुणावर जातेय गं?”

मधलीने कानस थांबवली. डोक्यावर आईची, आत्याची, दादाची, बाळची अशा सगळ्यांच्या सावल्या पडल्या होत्या आणि ओठ दिसेनासा झाला होता. तिने मान वर केली.

“सरका,” ती म्हणाली. “उजेड अडवताय सगळे.”

आणि आईसकट सगळे सरकले.